शेऱ्याचा रकाना

ऑफिसचा डेटाबेस बावीस वर्षं अण्णांनी सांभाळला. मलाही त्यांनीच शिकवलं. त्यातलं माहितीचं एखादं टेबल उडवायचं तर ते आधी बॅकअप घेत, लॉगमध्ये नोंद करत आणि पुढे शेरा मारत, ‘बघितलं.’

मग मी ट्रिगर, म्हणजे आपोआप चालणारा एक छोटा प्रोग्रॅम, लिहिला. टेबल उडवायला घेतलं की आधी बॅकअप आणि मग नोंद न सांगता होऊ लागली. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि अण्णांना नारळ दिला.

आज महिन्याने लॉग उघडला, तर माझ्या ट्रिगरच्या प्रत्येक नोंदीपुढे शेरा होता, ‘बघितलं.’ हा शब्द मी कुठेच लिहिलेला नाही. अण्णांचं लॉगिन तर मीच बंद केलं होतं.

त्यांच्या घरी फोन लावला. काकूंनी उचलला.

“ते बोलत नाहीत रे कोणाशी. तुम्ही काढल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसतात. मधूनच म्हणतात, ‘बघितलं.’”

फोन कानाशी धरूनच मी एक रिकामं टेबल तयार केलं आणि उडवलं.

“बघितलं,” काकूंच्या मागून अण्णांचा आवाज आला. स्क्रीनवर तोच शेरा उमटला.

मी ट्रिगर बंद करून टाकला.

“अहो,” तिकडे काकू किंचाळल्या, “मान का टाकलीत? अहो, इकडे बघा ना!”