चौथ्याची बाजू

"मध्ये थांबवू नका, वाजू द्या सगळी," म्हातारा वैमानिक म्हणाला आणि टेबलावर बोट रोखून बसला.

हवाई दलाच्या कसरती पथकाला पन्नास वर्षं होत होती. पथकाचा इतिहास छापायचा होता. तो लिहिणाऱ्या तरुण अधिकारी बाईला गोदामात एका अपघाताच्या दिवशीची टेप सापडली होती. त्या दिवशी चार विमानांतली तीन जमिनीत घुसली. परतलं ते फक्त चौथं, ह्या म्हाताऱ्याचं. आधीच्या पुस्तकात त्याबद्दल दीड ओळ होती : चौथा रांग सोडून गेला, तोल बिघडला, तिघे गेले. मेलेल्यांना नावं ठेवायची नसतात ना, मग जो जिवंत राहिला त्याच्या माथी मारायचं. अडतीस वर्षं तो 'पळपुटा' म्हणून जगला. लोकांचं त्याने सोसलंही असतं. पण दुसऱ्या विमानात त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता, आणि बहिणीने तेव्हापासून त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

आज ती समोर बसली होती. त्यानेच चिठ्ठी पाठवली होती : एवढी टेप ऐक, मग हवं तर पुन्हा तोंड बघू नकोस. ती निवृत्त नर्स. नाडी मोजायच्या सवयीने घड्याळ अजून मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत होती.

खोलीच्या भिंतीवर पथकाचे दोन नियम रंगवलेले होते. रांग सोडायची नाही. बटण दाबायचं नाही. म्हणजे रेडिओवर बोलायचं ते सर्वांत पुढच्याने, ज्याला सगळे म्होरक्या म्हणत. बाकीच्यांनी त्याच्या पंखावर नजर ठेवायची आणि तो नेईल तिकडे मुकाट जायचं. रोज सकाळी चौघे धावपट्टीवर अख्खी कसरत आधी पायी करत, हाताचे पंजे तिरके धरून, एकामागे एक. शहाणीसुरती माणसं, पण बघणाऱ्याला वेडीच वाटावीत. तेव्हाही तोंड उघडायचा एकटा म्होरक्या. "घरी तुझी बहीण बोलू देत नाही, इथे हा," मेव्हणा हळूच म्हणायचा. त्याने एकदा सरावात बटण दाबून "पक्षी!" असं ओरडून सांगितलं, तर त्याला आठवडाभर जमिनीवर बसवलं होतं.

टेप खरखरली. म्होरक्याचा आवाज आला, अगदी निवांत. "वर... वर... उलटे... आता खाली."

"इथे!" म्हाताऱ्याने बोट आपटलं. "वर पोचलो तेव्हाच उंची कमी होती. त्याचा अंदाज चुकला होता. मी उंचीचा काटा बघितला, खाली जागा पुरणार नाही हे कळलं, आणि ह्या क्षणी मी रांगेतून सुटलो. कुठे बिघडलाय तोल? ऐका, तो बोलतोच आहे अजून!"

"छान. जवळ राहा," टेपमधला म्होरक्या म्हणाला. मग नुसती खरखर. मग तीही तुटली.

अधिकारी बाईने टेप मागे घेऊन पुन्हा ऐकली आणि वहीत लिहून घेतलं. "काका, चूक म्होरक्याचीच. तुमच्यामुळे काही झालं नाही. ती दीड ओळ मी नव्या पुस्तकात येऊ देणार नाही."

म्हाताऱ्याला हुंदका आवरेना. ह्या एका वाक्यासाठी त्याने किती अर्ज खरडले, किती दारं झिजवली! डोळे पुसत तो बहिणीकडे वळला. "ऐकलंस ना? मी बरोबर होतो ना गं?"

बहिणीची नजर घड्याळावरून आता कुठे उठली.

"बरोबर होतास," ती म्हणाली. "पळालास म्हणून उगाच रागावले मी. पण तू बोट आपटलंस तिथून मी मोजत होते. पंधरा सेकंद होते, दादा. ह्यांना एक हाक नाही मारलीस?"

म्हाताऱ्याने भिंतीकडे पाहिलं.

"बटण दाबायचं नाही," तो पुटपुटला. "नियम होता तसा."

"रांग सोडायची नाही, हाही नियमच होता ना?"