स्टँडवरची सायकल

"सायकलला हात लावू नकोस, बिल्डिंगचे मार्क जातील," सेक्रेटरीकाका माझ्यावर खेकसले.

आज आमच्या बिल्डिंगला पर्यावरणाचं सर्टिफिकेट द्यायचं की नाही, ते ठरवायला एक बाई येणारेत. त्यांच्या अ‍ॅपमध्ये स्टँडवरच्या सायकली मोजतात, त्या चालवतं कोण ते विचारत नाहीत. बाकीच्या सगळ्या गंजून पडल्यात, रोज चालते ती एकटी माझी.

"मग मी कामावर उडत जाऊ का? आज उशीर झाला तर गॅरेजवाला घरी बसवेल मला," मी भडकलो.

"चिडू नकोस रे बाबा, करतो काहीतरी," काका नरमले.

निघतो आता. मला गॅरेजवर सोडून बाई यायच्या आत परतायचंय म्हणून काका त्यांच्या डिझेल जीपचा हॉर्न बडवतायत.