बारा सेकंद

"डोक्याला टोप घालून खेळती ती," कडूबा म्हणाला. "दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या. अन् म्हने चॅम्पियन!"

व्यंकटरावांनी पेपर मांडीवर उलगडला. आतल्या पानावर दोन फोटो शेजारी-शेजारी होते. एकात १९५७ सालचा कडूबा, उघडा, हात वर केलेला. दुसऱ्यात पाचोडची आशा, गळ्यात राज्य बॉक्सिंग स्पर्धेचं सुवर्णपदक. 'कालचा विजेता, आजची विजेती' हा लेख व्यंकटरावांनी तीन वेळा लिहून काढला होता. छापताना त्यांचं नाव राहून गेलं होतं. जुन्या फोटोच्या कडेला एक हात आणि एक पितळी घंटा होती, तीही जागेसाठी कापली गेली होती. तो हात त्यांचाच होता; त्या स्पर्धेत वेळ मोजून घंटा वाजवायचं काम त्यांच्याकडे होतं.

"टोप नियमानं घालावा लागतो," व्यंकटराव म्हणाले. "आणि तिचा डावा हात फार वेगवान आहे, कडूबा. तुझ्यापेक्षाही असेल कदाचित. मला काय कळतं म्हणा."

"तुम्ही लई पुस्तकं वाचता, म्हनून तुम्हाला सगळे सारखे दिसतात."

अनसूयाबाई चहा घेऊन आल्या. कडूबाच्या कपात आलं जास्त होतं.

"भाऊजी, संध्याकाळी फेटा कोणता?"

"गुलाबी, वहिनी. त्या पोरीशेजारी बसायचंय. म्हातारा दिसलो तर पेपरवाले तिचा आजा म्हनतील."

अनसूयाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. व्यंकटरावांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. नऊ वाजून सात मिनिटं. शाळेत ते कारकून होते आणि शाळेची घंटा छत्तीस वर्षं याच घड्याळावर वाजली. एकदाही मागं-पुढं झाली नाही, असं निरोप समारंभात हेडमास्तर म्हणाले होते. दुसरं काही कोणाला आठवलं नव्हतं.

गारखेड्यात बांधलेल्या बॉक्सिंग हॉलचं आज उद्घाटन होतं. हॉलला कडूबाचं नाव द्यायचं ठरलं होतं. पाटी तयार होती.

"काय बोलणार आहात?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"खरं ते बोलनार." कडूबा पुढं सरकला. "पोलीस ॲक्शननंतर छावणीत पलटन आली. लासूर स्टेशनवर पोती उचलनारा मी, तिथं जाऊन शिकलो. अन् त्यांच्याच हवालदाराला फायनलात गाठलं. शेवटच्या फेरीत त्यानं मला पाडलं. तवा दहा मोजेस्तोवर उठला नाय तर हरला, पन मधी घंटा झाली की मोजनं बंद, पडलेला वाचला. पन मला घंटेनं वाचवलं नाय! आठ मोजले अन् मी माझ्या पायावर उठलो. मंग घंटा झाली. पहिल्या दोन फेऱ्या माझ्या होत्या, पॉइंटावर जिंकलो. हे त्या पोरीला ऐकू दे. चॅम्पियन काय असतो ते कळू दे."

"चोपन्न वर्षं ऐकतेय," अनसूयाबाई म्हणाल्या, "तरी अंगावर काटा येतो." रिकामा ट्रे घेऊन त्या आत गेल्या.

व्यंकटराव बराच वेळ पेपरची घडी घालत राहिले.

"कडूबा, एक सांगायचं राहिलंय. तू आठला उठलास हे खरं. पण तुझे पाय लटपटत होते आणि हवालदार तुझ्याकडे येत होता."

"मंग?"

"फेरी संपायला बारा सेकंद होते."

कडूबानं कप खाली ठेवला.

"मला बघवेना," व्यंकटराव म्हणाले. "मी घंटा वाजवली."

"बारा?"

"बारा. चूक झाली माझी. सांगायचा धीर होत नव्हता. पण आज तुझ्या नावाची पाटी लागणार, तू त्या पोरीसमोर हे बोलणार... राहवलं नाही."

त्या दिवशी मैदानावर वेळ मोजणारं घड्याळ एकच होतं. कडूबा त्या घड्याळाकडे बघत राहिला.

"तुमचं घड्याळ कधी चुकत नाय," तो शेवटी म्हणाला, आणि चपला घालून निघून गेला. उरलेल्या चहावर साय धरली.

संध्याकाळी तो बोडक्यानंच आला. व्यासपीठावर आशाच्या शेजारी बसला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. नाव पुकारल्यावर उठून माईकसमोर गेला.

"ह्या पोरीला मी लई नावं ठेवली," तो म्हणाला. "जळत होतो तिच्यावर. तिनं समद्या फेऱ्या पुऱ्या खेळून मेडल आनलंय. माझी शेवटची फेरी बारा सेकंद कमी होती. मला घंटेनं वाचवलं. कोनी वाजवली ते इचारू नका, दोस्त हाय माझा, मायेनं वाजवली त्यानं. पन पाटीवर माझं नाव नको. हिचं घाला."

आशा उठली आणि वाकून त्याच्या पाया पडली. पुढची रांग उभी राहिली, मग सगळेच उभे राहिले. टाळ्या थांबेनात. व्यंकटरावांनी घड्याळ पाहिलं. एक मिनिट वीस सेकंद झाले होते.

घरी येईपर्यंत अनसूयाबाई डोळे पुसत होत्या.

"केवढं मन आहे त्यांचं! असा माणूस मी पाहिला नाही."

त्या देवापाशी दिवा लावायला गेल्या. व्यंकटरावांनी कपाटातून पुस्तकांच्या मागची एक वही काढली. १९५७ च्या त्या स्पर्धेतल्या प्रत्येक फेरीची वेळ तिच्यात त्यांच्याच बारीक, नेटक्या अक्षरात लिहिलेली होती. त्यांनी शेवटची नोंद काढली आणि चष्मा पुसून वाचली.

'तिसरी फेरी. वेळ पुरी झाली तेव्हा मोजणी चारवर होती. घंटा वाजवली नाही. दहाची वाट पाहिली. कडूबा आठला उठला. मग वाजवली.'