निळा बूट

सासरेबुवांना जुन्या काचेच्या इवल्याशा बुटांचा भारी नाद. दातांचा दवाखाना मुलाच्या हाती सोपवल्यापासून त्यांनी कपाटभर बूट जमवले होते, आणि त्यातल्या निळ्यावर त्यांचा खास जीव. आल्यागेल्याला तो तळहातावर ठेवून दाखवायचे आणि म्हणायचे, "शंभर वर्षांचा आहे. जगात याला जोड नाही!"

धूळ पुसताना नेमका तोच सुनेच्या हातून निसटला आणि फरशीवर पडून त्याचा चुरा झाला. सासरेबुवा आतल्या खोलीत घोरत होते. तिने काचा कागदात गुंडाळल्या, फोनमध्ये बुटाचा जुना फोटो शोधला आणि तडक जुन्या वस्तूंचं दुकान गाठलं.

"काका, असा दुसरा कुठे मिळेल का हो?" विचारता विचारता तिला रडू फुटलं.

दुकानदाराने फोटो पाहिला आणि काउंटरखालचं खोकं उचलून वर ठेवलं. आत तस्सेच निळे बूट गच्च भरले होते.

"डॉक्टरांकडचा ना? मध्यंतरी तुमचे मिस्टर एक घेऊन गेले. त्याआधी तुमच्या सासूबाई दोनदा येऊन गेल्या. हा घ्या, आणि आधी डोळे पुसा."

"पण बाबांच्या लक्षात आलं तर? काय तोंड दाखवू मी त्यांना?"



"ते कशाला काही बोलतायत, ताई! पहिला तर त्यांच्याच हातून फुटला."