बटणाची गाडी

"किल्ली मी गाडीतच ठेवली होती," वकील म्हणाला. "गिअरच्या शेजारच्या खाचेत. नेहमी तिथेच ठेवतो मी."

"तिथे नाही साहेब. सगळीकडे हात घालून बघितलं," गाड्या लावणारे मामा म्हणाले.

डोळ्यांच्या दवाखान्याच्या दारात गाडी तासभर हटून बसली होती. सकाळी वकिलानं आईला उतरवलं, गाडी सुरूच ठेवून मामांच्या ताब्यात दिली आणि तो आत गेला. मामांनी ती चार पावलं पुढे घेतली. समोर चाकांची एक खुर्ची आली. दारात इंजिन चालू ठेवायचं नाही अशी पाटी होती, म्हणून त्यांनी बटण दाबून गाडी बंद केली. बटणाची असली तरी किल्ली आत असल्याशिवाय ती सुरू होत नसे, आणि आता ती पुन्हा सुरू झालीच नाही. तेव्हापासून डोळ्याला पट्टी बांधलेली माणसं फाटकाशीच उतरत होती आणि कुणाचा तरी हात धरून उन्हातून चालत येत होती.

"तुम्ही गाडी बंद केलीत. हो की नाही?"

"हो साहेब."

"त्यानंतर गाडीजवळ तुमच्याशिवाय कोण होतं?"

"कुणी नाही. पण साहेब..."

"पण नको. विचारलं तेवढंच सांगा."

मामांनी मान खाली घातली. वकिलाचा आवाज वाढला नव्हता. कोर्टातही तो आवाज वाढवत नसे.

दवाखान्याचा मॅनेजर धावत आला. मामांच्या थोरल्या मुलाच्या वयाचा असेल. त्यानं आधी वकिलाची माफी मागितली, मग मामांकडे वळला.

"मामा, खिसे दाखवा."

"अहो, बारा वर्षं झाली मला इथं."

"म्हणूनच म्हणतोय. दाखवा आणि मोकळे व्हा."

मामांनी एकेक वस्तू काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवली. बसचा पास. काडी तुटलेला चष्मा, दोऱ्यानं बांधलेला. गोळ्यांचं अर्धं पाकीट. शर्टाचं एक बटण. घडी घालून घालून फाटायला आलेला एक कागद, त्यावर कुणीतरी मोठ्या अक्षरात फोन नंबर लिहून दिले होते. फाटकाकडून आलेली माणसं थांबून बघू लागली. ज्यांचा एकच डोळा उघडा होता, तीही.

वकिलाची आई भिंतीशी खुर्चीवर बसली होती. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातल्यानं तिला सगळं धुरकट दिसत होतं आणि डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं.

"रुमाल दे रे," ती म्हणाली.

वकिलानं काळ्या कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. रुमालाच्या घडीत किल्ली होती.

त्यानं मूठ मिटली. सगळ्यांचे डोळे बॉनेटवर होते. एक शब्द बोलला असता तर काम झालं असतं. त्यानं आईच्या हातात नुसता रुमाल दिला आणि किल्ली खिशात सोडली.

"एक मिनिट. वर बघून येतो," तो म्हणाला.

पहिल्या मजल्यावरच्या बेसिनशी त्यानं हात धुतले. ते घाण झाले नव्हते. तरी दोनदा धुतले. समोरच्या आरशात बघायचं त्यानं टाळलं. मग किल्ली बोटावर फिरवत तो जिना उतरला.

"सापडली. डॉक्टरांच्या टेबलावर राहिली होती."

"घ्या! काखेत कळसा म्हणतात तो हाच," मॅनेजर हसला. मामाही हसल्यासारखं हसले आणि बॉनेटवरच्या वस्तू गोळा करू लागले. गोळ्यांचं पाकीट त्यांच्या हातून खाली पडलं.

"पण तू डॉक्टरांच्या खोलीत आलास कुठं?" आई म्हणाली. तिला काही दिसत नव्हतं, त्यामुळे आवाजाचा अंदाज राहिला नव्हता. सगळ्यांना ऐकू गेलं. "माझ्याजवळ नर्सबाई होत्या. तू तर सगळा वेळ बाहेर फोनवर होतास."

मामा वाकले होते, ते तसेच वाकलेले राहिले.

"खिशात होती," वकील म्हणाला. "माझ्याच."

"होतं हो साहेब असं!" मॅनेजर घाईघाईनं म्हणाला. "या बटणाच्या गाड्याच तसल्या. मामा, साहेबांना उगाच ताप झाला. सॉरी म्हणा त्यांना."

मामा उभे राहिले. गोळ्या खिशात टाकल्या. "सॉरी साहेब."

"नाही, तुम्ही नका... मीच..." वकिलाला वाक्य पुरं करता येईना. वीस वर्षं वाक्यं पुरी करण्याचेच तो पैसे घेत आला होता.

मामांनी त्याच्या आईला हात देऊन उठवलं, गाडीत बसवलं, पदर दारात अडकणार नाही हे पाहिलं आणि दार हळूच लावलं. मग रस्त्यावर जाऊन येणारी वाहनं हातानं थांबवली. "या साहेब, सरळ या," ते म्हणाले. वकिलानं काच खाली केली होती. तरी तो समोर बघतच निघून गेला.

पहिल्या सिग्नलला तो म्हणाला, "पुढच्या मंगळवारी तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे ना? त्या दिवशी टॅक्सीनं येऊ."

आई रुमालानं डोळे टिपत होती.

"गाडीनंच येऊ," ती म्हणाली. "त्या मामांच्या हातात किल्ली द्यायची राहिलीय तुझी."