टोपलीतलं पुस्तक

वाचनालय माडीवर आणि केळुसकर सरांचे गुडघे जिना चढू देत नाहीत. म्हणून ग्रंथपाल हेमांगी खिडकीतून दोरीने टोपली खाली सोडते. टोपलीतल्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर असतं.

“सर काय वाचतात गं?” खालचा चहावाला विचारतो.

“ते सरांचं सर बघतील. तू तुझं दूध बघ, उतू जातंय!”

वर्गात रहस्यकथांना कचरा म्हणणारे सर आता त्याच फस्त करतात, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. कळलं तर गाव हसेल. सातवीत तिची रहस्यकथा त्यांनीच जप्त केली होती.

आज टोपली वर आली, तर आत एक पुस्तक जास्त. हेमांगीने कव्हर काढलं. तीच रहस्यकथा, तिने दुमडलेल्या पानासकट.

ती खिडकीशी धावली. चहावाल्यादेखत सर मान वर करून ओरडले, “वाच आता पुढे! खुनी कोण ते मी सांगणार नाही.”