दुसऱ्या कडेवर

कलादालनातल्या पडद्यावर मंडईचा व्हिडिओ चालू होता. भाजीवाल्या, पिशव्या, घासाघीस, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या कमरेला एक पिवळा डाग.

"हे पिवळं काय आहे हो?" हेमांगीने दारावरच्या बाईंना विचारलं.

"पिस्तुलं. आपण घाबरू नये म्हणून डोळ्यांतली सरकारी भिंगं ती पुसून टाकतात ना? चित्रकर्तीने या व्हिडिओतल्या प्रत्येक पिस्तुलावर रंग भरलाय, म्हणून भिंगं फसतात."

हेमांगीला तिथे थांबवेना, आणि निघवतही नव्हतं. तिने नकळत पर्स पोटाशी घट्ट धरली. तेवढ्यात पडद्यावर तिचा नवराच आला. उपेंद्र, मागच्या शनिवारी, मेथीची जुडी उलटीपालटी करून बघणारा. त्याच्या कमरेलाही उजवीकडे पिवळा डाग होता.

तिने झटकन मागे पाहिलं. उपेंद्र पांढऱ्या सदऱ्यात उभा होता. कमरेला काही नव्हतं. म्हणजे, दिसत नव्हतं.

"झालं का बघून? चल आता," तो घाईघाईने म्हणाला.

"बाबा, कडेवर!" चार वर्षांच्या रेवाने हात वर केले. त्याने तिला नेहमीसारखं डाव्या कडेवर घेतलं. लाडकी बाजू आहे तिची, असं तो सगळ्यांना सांगायचा.

"आज दुसऱ्या कडेवर घे की," हेमांगी म्हणाली.

उपेंद्र दाराकडे वळला. उत्तर दिलं ते रेवाने.

"त्या कडेवर नको, आई. तिथं टोचतं."